विरजणाची खोली

मामंजींनी टोपात पळी घातली, वर उचलली आणि दूध सरळ धारेनं खाली पडलं. रात्री लावलेलं विरजण, चैत्राच्या तोंडावरचा उकाडा, एव्हाना पळी उभी राहायला हवी होती. त्यांनी दुसऱ्या टोपाचं झाकण काढलं. तिथंही तेच. तिसऱ्यात थोडी कवडी धरली होती, पण वर पिवळं पाणी, खाली तार, आणि वास आंबट नव्हे, नुसता कुबट.

"हे बी गेलं," मामंजी म्हणाले.

मग टोपांकडं कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते, कारण आदल्या दिवसापासून मला विरजणाच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. त्या बंदीनं काही फरक पडला नव्हता हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसायला काय हरकत होती? पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "खोलीत न्हाई, पर घरात हायच की."

हे अठ्ठ्याऐंशी सालातलं. वडूजला तेव्हा जगदाळ्यांच्या चक्क्याचं नाव होतं. पाडव्याला आमच्याकडचं श्रीखंड नसेल तर गुढी वाकडी उभी राहते, असं लोक थट्टेनं म्हणायचे. वर्षभर धंदा चाले तो चालेच, पण घर तरायचं ते पाडव्यावर. आणि पाडवा तोंडावर आला होता.

माझं लग्न माघात झालं. फाल्गुनात पहिला टोप बिघडला. मग कधी दोन, कधी चार, आणि आता सगळेच. लोकांना अशा वेळी शब्द शोधावा लागत नाही. पायगुण. मी आल्यापासून म्हैस आटली नव्हती, विहिरीला पाणी होतं, मामंजींचा गुडघा दुखायचा थांबला होता. त्यातलं काही माझ्या पायगुणात धरलं नाही. दही तेवढं धरलं.

त्या सकाळी आत्याबाईंनी निपाणीला माझ्या वडिलांकडं निरोप धाडला, की शालनला थोडे दिवस माहेरी घेऊन जा. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्या काळात कुणी विचारत नसे. माझ्या पाठीवर लग्नाच्या दोन बहिणी होत्या. थोरली दोन महिन्यांत पांढऱ्या पायाची ठरून परत आली, हे कळल्यावर त्यांना बघायला कोण येणार होतं? आणि खरं सांगते, मला जायचंच नव्हतं. आमचे हे बोलायला कंजूष, पण मला ते आवडायला लागले होते. आपल्याला आवडलेलं घर आपण का सोडायचं, तेही दह्यापायी? मला रडू कमी आणि संताप जास्त येत होता.

आत्याबाईंना मात्र मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्या सासूनं लग्नानंतर त्यांच्या हातात विरजणाचं भांडं दिलं होतं, ते त्यांनी एक दिवस मोडू दिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात म्हशी छावणीला गेल्या तेव्हा त्यांनी कुणाच्या तरी शेळीचं पावशेर दूध मिळवून ते विरजण जगवलं. मागेल त्याला द्यायच्या. आधी आळीत गेलं, मग अर्ध्या गावात. आजचं थोडं राखून उद्याला लावायचं, एवढाच त्यांचा नेम. तो मोडणं म्हणजे त्यांच्या लेखी घरातला दिवा विझणं.

म्हणून बिघाड सुरू झाल्यावर त्यांनी शेजारच्या सुतारांच्या अनसूया मावशीकडून विरजण आणून बघितलं. मावशीच्या घरी त्याच विरजणाचं दही सुरीनं कापावं असं लागायचं. आमच्या खोलीत आलं की पाणी. आत्याबाईंच्या दृष्टीनं खटल्याचा निकाल तिथंच लागला. विरजण चांगलं, दूध चांगलं, मग वाईट काय ते आमच्या घरात. आणि घरात नवीन कोण, तर मी.

मी कराडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. लग्नात त्याचा उपयोग पत्रिकेवर नावापुढं छापण्यापुरता झाला. त्या दुपारी मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसून डोकं चालवलं. घरात नवीन मी, हे मान्य. पण माझ्याबरोबर त्या खोलीत नवीन काय आलं?

आणि मला डोळ्यांपुढं चक्क्याची गाठोडी दिसली.

पूर्वी दही फडक्यात बांधून गाठोडी मागच्या पडवीत टांगायची पद्धत होती. पाणी गळून घरामागच्या मोकळ्या परड्यात जायचं. पुढच्या रस्त्याचं काम निघालं, धूळ मागपर्यंत यायला लागली, तेव्हा लग्नाच्या गडबडीतच ह्यांनी आढ्याला नवे आकडे ठोकून गाठोडी विरजणाच्या खोलीत घेतली. आता ते पाणी रात्रंदिवस खोलीत ठिबकायचं, भिंतीवर उडायचं, टोपांच्या झाकणांवर पडायचं. भरीस भर म्हणजे आत्याबाईंचा उपाय. खोलीला दह्याची सवय राहावी म्हणून चक्क्याचं पाणी सणासुदीला चार कोपऱ्यांत शिंपडायची त्यांच्या सासूची रीत होती. दही लागेना तसं त्या रोज शिंपडायला लागल्या. जेवढं बिघडे, तेवढं जास्त शिंपडत.

हे वैरण टाकायला आले तसं मी त्यांना धरलं. म्हटलं, जंतूंनाही रोग होतो हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं, दही लावणारे जंतू दुधातली साखर खातात आणि तिचा आंबटपणा करतात. त्यांच्याहून कितीतरी बारीक विषाणू असतो, तो त्या जंतूच्या अंगात शिरतो. मग जंतू आपलं काम सोडतो आणि जे काही खाईल त्याच्यातून त्या विषाणूचीच पिल्लावळ घडवत बसतो. शेवटी फुटतो आणि ती पिल्लावळ पुढच्या जंतूंवर जाते. पाव्हण्यानं चुलीपाशी ठाण मांडावं आणि घरच्यांना फक्त आपल्यासाठी रांधायला लावावं, तसं.

"म्हंजे बाहेरनं आलेल्यानं घर बिघडवलं, हेच तू बी म्हणतीस," मागून आवाज आला. आत्याबाई पाटी घेऊन उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"होय," मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही काही मऊ नव्हती. "पण तो पाव्हणा मी नव्हे. तो चक्क्याच्या पाण्यात आहे, आणि तुम्ही रोज त्याला चारी कोपऱ्यांत नेऊन बसवताय."

हे गोठ्यातून सटकले. सासू-सुनेच्या मध्ये उभं राहायची त्यांची छाती नव्हती. आत्याबाईंचा चेहरा असा झाला की आता थोबाडीत बसते, असं मला वाटलं. पण त्यांनी पाटी खाली ठेवली.

"दाव मला," त्या म्हणाल्या. "तोंडानं नगं. दाव."

मी म्हटलं, दाखवते. पण माझा हात लावायचा नाही, म्हणजे नंतर पायगुणाबरोबर हातगुणही काढायला नको. सगळं अनसूया मावशी करतील, त्यांच्या दुधात, त्यांच्या विरजणानं. मात्र त्यांच्या घरात नको, सुताराच्या कामाच्या छपराखाली. तो रोग त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला तर गावातलं ते दहीही जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं दोन वाट्या मांडल्या. कुरकुरत मांडल्या, कारण आमच्या घरची पीडा आपल्या अंगणात कशाला, असं तिचं म्हणणं होतं. दोन्हींत एकाच पातेल्यातलं कोमट दूध, एकाच भांड्यातलं विरजण. मग मी लांबूनच सांगितलं तसं तिनं एका वाटीत आमच्या गाठोड्याखालचं चमचाभर पाणी घातलं. दुसऱ्या वाटीत काही नाही.

आत्याबाई त्या छपराखाली लाकडाच्या भुशावर बसून राहिल्या. जेवायला उठल्या नाहीत. मध्ये कुणी काही घालील, असा संशय असावा, आणि तो माझ्यावरच असावा. मी समोर बाभळीखाली बसले. सुतार रंधा मारत होता आणि अधूनमधून आम्हा दोघींकडं बघत होता. दूध आपल्या गतीनं लागतं, त्याला घाई करता येत नाही. कॉलेजात तर मी हे फक्त वहीत लिहिलं होतं. डोळ्यांनी कधीच बघितलं नव्हतं. चुकले असते तर स्वतःच्या हातानं स्वतःवर शिक्का मारून घेतला असता.

उन्हं कलल्यावर आत्याबाईंनी आधी काही न घातलेली वाटी उचलली, तिरकी केली आणि पार उपडी धरली. दही हललं नाही. पाणी घातलेली नुसती कलती केली तर दूध त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

त्यांनी हात पुसला नाही. मला वाटलं होतं जिंकल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटेना.

"मग माजं विरजण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की त्यालाही लागण झालेली आहे. खोली धुऊन, चुना लावून स्वच्छ केली तरी पाडव्याआधी तो रोग पुरता हटेल याची खात्री नाही. आणि तोवर हे विरजण तिथं टिकणार नाही.

"अनसूयेचं आणीन. जाधवाचं आणीन."

"ती सगळी तुमचीच आहेत, आत्याबाई. तुम्हीच दिलेली. या विषाणूला हेच घराणं मानवतं. दुसऱ्या वाणाचे जंतू असले तर त्यांच्या अंगात त्याला बहुतेक शिरता येत नाही. परकं विरजण पाहिजे, गावाबाहेरचं."

त्या भुशावरून उठल्या. बिघडलेली वाटी तिथंच उकळून काढली आणि आम्ही घरी आलो. एकीच्या मागं एक, चार हात अंतर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आबा, माझे वडील, आले. निपाणीहून रात्रभर दोन गाड्या बदलत आले होते. दारात पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. जगदाळ्यांना एक शब्द बोलले नाहीत, मला म्हणाले, सामान भर. मग पिशवीतून पितळी डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आईनं वाटेसाठी दिलेला भात, पण त्यांच्या घशाखाली घास गेला नव्हता. "खाऊन घे, निघू," म्हणाले.

आमच्याकडं प्रवासाला दहीभात द्यायचा तर भातात दूध घालतात आणि वर विरजणाचं बोट लावतात. पोचेपर्यंत वाटेतच त्याचं दही होतं, आंबट होत नाही. मी झाकण उघडलं. भात घट्ट बसला होता, अगदी कालच लागलेलं, निपाणीचं, आमच्या घरचं दही. मी डबा घेऊन तशीच उठले आणि आत्याबाईंच्या पुढं नेऊन ठेवला. सांगायची गरज पडली नाही. त्यांनी बघितलं आणि त्यांना कळलं.

मामंजी मात्र भडकले. पाडव्याचा चक्का सोयऱ्याच्या शिदोरीतनं लावायचा, जगदाळ्यांचं नाव काय राहिलं, असं बरंच बोलले. आबांनाही तेवढंच हवं होतं. आमच्या लेकीला बट्टा लावला आणि आता आमच्याच डब्यात हात घालता होय, म्हणाले. दोघं पुरुष अंगणात असे उभे, की मध्ये मांजरही गेलं नसतं. मी आबांचे पाय धरले. म्हटलं, उद्या दिवस मावळेपर्यंत थांबा. दही लागलं नाही तर तुम्ही म्हणाल त्या गाडीत बसते, मागं वळून बघत नाही.

"लागलं न्हाई तर मीच स्टँडवर सोडाया येईन," आत्याबाई म्हणाल्या. "पर उद्यापतुर कुणी बोलायचं न्हाई." आणि मामंजीही गप्प झाले. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे मला त्या दिवशी कळलं.

डब्यातलं चमचाभर दही, शितं बाजूला काढून, वाटीभर दुधात पडवीत लावलं. ह्यांनी आढ्याचे आकडे उपटले, सगळी फडकी उकळली, ब्लिचिंग पावडरनं फरशी घासली आणि भिंतींना चुना मारला. आकडे आपणच ठोकले होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. चुना मारताना माझ्याकडं एकदा बघितलं त्यात ते सगळं होतं.

राहिलं जुनं विरजण. ते शिंक्यावर मडक्यात होतं. आत्याबाईंनी मला विचारलं, परड्यात ओतू का? मला नाही म्हणताना जड गेलं. तसंच ओतलं तर रोग मातीत, पायांना लागून परत घरात. आधी उकळायला पाहिजे होतं.

मी करते म्हटलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. चूल स्वतः पेटवली, मडक्यातलं विरजण पातेलीत काढलं आणि चुलीवर ठेवलं. ते आधी सैल झालं, मग फाटलं, मग चोथा एकीकडं आणि पाणी एकीकडं होऊन खदखदायला लागलं. त्या पळीनं ढवळत राहिल्या. आधण आल्यावरही ढवळत राहिल्या. मी म्हटलं, आत्याबाई, झालं. तेव्हा थांबल्या.

"सासू म्हणली हुती, घर सोड पर ह्ये सोडू नगंस," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. पातेली उचलताना हातात फडकं घ्यायचं विसरल्या, आणि चटका बसला तरी खाली ठेवली नाही.

संध्याकाळी पडवीतली वाटी लागली. वाटीभरच, पण लागली. त्यानं कुणी हुरळलं नाही. पडवीत लागणं वेगळं आणि त्या खोलीत लागणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्या दह्यावर सगळे टोप लावले, नव्या चुन्याच्या वासात. ह्या वेळी आत्याबाईंनी मला हाताला धरून खोलीत नेलं आणि म्हणाल्या, तूच लाव, काय व्हायचं ते तुझ्या हातानं होऊ दे. दयेपोटी म्हणाल्या की जोखीम माझ्या गळ्यात घालायला, ते मला आजही सांगता यायचं नाही.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. आबा ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मामंजी उगाचच म्हशी धुतायत. माझी ट्रंक भरून दारापाशी उभी. मी ट्रंकेच्या बाजूला बसले होते आणि मनात देवाला सोडून त्या जंतूंनाच विनवत होते, की बाबांनो, तुम्ही आमच्या गावचे, माझी लाज राखा.

ऊन भिंतीवरून उतरलं तसं आत्याबाई उठल्या. आम्ही सगळे मागं. त्यांनी पहिल्या टोपाचं झाकण काढलं, पळी घेतली आणि मध्यावर सोडली. पळी उभी राहिली. दुसऱ्यात, तिसऱ्यात, सगळ्यांत उभी राहिली. मामंजी भिंतीला टेकले तर पाठीला सगळा चुना लागला, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही.

आत्याबाई बाहेर गेल्या, पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि आबांच्या पुढं धरला. आबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. शेवटच्या गाडीनं ते एकटेच परत गेले.

रात्रभर चक्का पडवीत टांगला होता. पाडव्याला उजाडल्यापासून दारात रांग लागली. श्रीखंड सगळं गेलं. कुणी नाव ठेवलं नाही, एकदोघांनी तर यंदा जास्त गोड लागतंय म्हणून कौतुक केलं. आत्याबाईंनी बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय." दुसऱ्यांदा बोट घातलं नाही.

गर्दी ओसरल्यावर जेवायला पानं घेतली तर त्या कुठं दिसेनात. परड्यात नाहीत, गोठ्यात नाहीत. न्हाणीत लुगडं भिजवलेलं होतं, म्हणजे दिवसात दुसऱ्यांदा अंघोळ केली होती. आमच्या खोलीतला रोग अंगावरून दुसऱ्याच्या दह्यात जाऊ नये म्हणून असणार, हे ओळखून मी हातपाय खसखसून धुतले, साडी बदलली आणि अनसूया मावशीकडं गेले.

स्वयंपाकघराच्या दारात थबकले. मावशी पाठमोरी पोळ्या करत होती. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर दह्याची वाटी. साखर नाही, भात नाही, नुसतं दही. एकेक बोट चाटत होत्या आणि डोळ्यांतून धार लागली होती. ती त्या पुसतही नव्हत्या. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना बघत होते. पाय न वाजवता मागं फिरावं असं मनात आलं, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"आंघूळ केलीस नव्हं?"

"हातपाय धुतलेत. साडी बदललीये."

"मग ये आत." त्यांनी सरकून जागा केली आणि वाटी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. "ही चव ध्यानात ठेव. आपल्या घरात आता ही यायची न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले. मावशी दुसरी वाटी काढायला लागली, तिला त्यांनी नको म्हटलं. मी त्यांच्याच वाटीत बोट घातलं.